चौदा महिने येणे बाकी

२०१९ सालच्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तात्या आपल्या पेन्शनचा आदेश वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून आमच्या घरी घेऊन आले. आम्ही दोघांनी नाशिकच्या सातपूरमधल्या एकाच कारखान्यात नोकरी केली. ते मशीन शॉपमध्ये होते आणि मी हिशेब विभागात. फेब्रुवारी १९९९ मध्ये ते कायम झाले आणि मे २०१९ मध्ये, वयाची ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर, निवृत्त झाले; म्हणजे वीस वर्षे आणि वर तीन महिने. आदेशावर मात्र पेन्शनपात्र सेवा १९ वर्षे लिहिलेली होती.

"तुम्ही हिशेबातले माणूस," तात्या म्हणाले, "एवढं बघून द्या. चूक असली तर सांगा, नाहीतर गेलं ते गेलं."

बेरीज-वजाबाकीची चूक त्यात नव्हती. ऑगस्ट २०१६ ते सप्टेंबर २०१७ या चौदा महिन्यांत कारखान्याने आमच्या पगारातून फंड कापला आणि तो कुठेच भरला नाही. ही गोष्ट मला माहीत होती, कारण पगारपत्रके माझ्याच टेबलावरून जात असत. नोंदीत चौदा महिने गळाले, वीस वर्षे तीन महिन्यांची एकोणीस वर्षे एक महिना झाली आणि वरचा एक महिना नियमानुसार सोडून देण्यात आला. सहा महिने किंवा त्याहून अधिक असतील तर पूर्ण वर्ष धरतात, कमी असतील तर सोडतात.

ज्याने हा हिशेब कधी केलेला नाही त्याला वाटेल की एका वर्षाने असा काय फरक पडतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मधले सूत्र साधे आहे: पेन्शनपात्र पगाराला पेन्शनपात्र सेवेने गुणायचे आणि ७० ने भागायचे. १ सप्टेंबर २०१४ पासूनच्या सेवेला पगाराची मर्यादा १५,००० रुपये आहे, म्हणजे या काळातले एक वर्ष गेले की महिन्याला २१४ रुपये गेले. पण तात्यांचे नुकसान तेवढ्यावर थांबत नव्हते. ज्याची सेवा वीस वर्षे पूर्ण होते आणि जो ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, त्याच्या सेवेत योजनेनुसार दोन वर्षे जादा धरली जातात. एकोणीसवाल्याला ती मिळत नाहीत. म्हणजे न भरलेल्या चौदा महिन्यांनी तात्यांची तीन वर्षे खाल्ली होती. तिन्ही मिळून महिन्याचे काही शे रुपये होतात, आणि ते तात्यांच्या हयातीपुरतेही नाहीत, कारण त्यांच्या पश्चात वहिनींना मिळणारे निवृत्तिवेतन त्यांच्या पेन्शनच्या निम्मे असणार होते.

आता दुसरी बाजू पाहा. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, उरलेले ३.६७ टक्के भविष्य निर्वाह निधीत. पंधरा हजारांवर ८.३३ टक्के म्हणजे दरमहा १,२५० रुपये. चौदा महिन्यांचे १७,५०० झाले. मालकाने तात्यांच्या नावाचे साडेसतरा हजार वाचवले आणि त्यापोटी तात्यांनी जन्मभर दर महिन्याला काही शे रुपये सोडायचे, असा तो व्यवहार होता. शिवाय तात्यांच्या पगारातून कापलेले दरमहा १,८०० रुपये, म्हणजे चौदा महिन्यांचे २५,२०० रुपये, वेगळेच.

मी त्यांना सांगितले की गेलं ते गेलं असे कायदा म्हणत नाही. हे मी धीर देण्यासाठी म्हटले नव्हते. १९९५ च्या योजनेत अगदी सुरुवातीला, व्याख्यांच्या परिच्छेदात, अंशदायी सेवा कशाला म्हणायचे ते लिहिलेले आहे: ज्या प्रत्यक्ष सेवेची वर्गणी निधीत जमा झालेली आहे किंवा येणे आहे, ती सेवा. ‘किंवा येणे आहे’ या तीन शब्दांकडे माझे लक्ष इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते, आणि मी तर रोज जमा आणि येणे यांच्या रकान्यांतच वावरणारा माणूस. हिशेबात ‘येणे’ म्हणजे बुडीत नव्हे. ज्याच्याकडून यायचे आहे त्याचे नाव ठाऊक आहे आणि वसूल करण्याचा हक्क शाबूत आहे, असा त्याचा अर्थ. कामगाराने काम केले, वर्गणी भरण्याची जबाबदारी मालकाची होती, ती त्याने पाळली नाही, तर भांडण निधी आणि मालक यांच्यातले आहे. त्याची किंमत कामगाराच्या सेवेतून वळती करून घेता येत नाही. माझ्या मते पेन्शनच्या वादातला सर्वांत मोलाचा हक्क हाच आहे, आणि अंबड-सातपूरच्या शंभर कामगारांना विचारले तर एखाद्यालाही तो ठाऊक असेल की नाही, याची मला शंका आहे.

हक्क असला तरी चौदा महिने काम केले हे दाखवावे लागतेच. तात्यांच्या श्रमिकनगरच्या घरी लोखंडी कपाटाच्या तळाशी एक खाकी पिशवी निघाली. तिच्यात पगाराच्या स्लिपा होत्या. डॉट मॅट्रिक्सवर छापलेल्या, दोन्ही कडांना भोकांची पट्टी अजून तशीच. वहिनींनी त्या वर्षावर्षाच्या गड्ड्या करून रबर लावून ठेवल्या होत्या. रबरे विरघळून कागदाला चिकटली होती आणि काही ठिकाणी शाई इतकी पुसट झाली होती की स्लिप खिडकीशी तिरकी धरल्यावरच ‘पी.एफ. १८००.००’ हा आकडा दिसे. चौदापैकी अकरा महिन्यांच्या स्लिपा सापडल्या. उरलेल्या तीन महिन्यांसाठी आम्ही बँकेच्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदी घेतल्या आणि त्यांतल्या एका महिन्यात तात्यांच्या हाताला टाके पडले होते, त्याचा कर्मचारी राज्य विमा रुग्णालयाचा कागद जोडला. त्या दिवशी ते कामावर होते, याचा त्याहून चांगला पुरावा कोणता असणार?

अर्ज मी लिहिला आणि तात्यांनी सही केली. भविष्य निधीच्या कार्यालयात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची, हे मी त्यांना दोनदा बजावले होते. तोंडी सांगितलेल्या तक्रारीला तारीख नसते आणि तारीख नसलेल्या तक्रारीला वयही नसते, म्हणून तिला उशीर झाला असे कोणाला म्हणताच येत नाही. अर्जात दोन मागण्या वेगवेगळ्या मांडल्या होत्या. सेवेत चौदा महिने धरून पेन्शन सुधारून द्यावी, ही पहिली; आणि थकलेली रक्कम मालकाकडून ठरवून वसूल करावी, ही दुसरी. बहुतेक लोक या दोन्ही मागण्या एकाच वाक्यात कोंबतात आणि मग ‘वसुली झाली की बघू’ असे उत्तर मिळाले तर त्यांना ते रास्त वाटते. ते रास्त नाही. पहिली मागणी दुसरीसाठी थांबत नाही.

दुसऱ्या मागणीसाठी तेव्हाच्या कायद्यात कलम ७-अ होते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा १९५२ चा. या कलमाखाली चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असत. तो मालकाला हजर राहण्यास भाग पाडू शके, कागदपत्रे मागवू शके, शपथेवर साक्ष घेऊ शके. आमच्या मालकांच्या वतीने आलेल्या सल्लागाराने पहिल्याच तारखेला सांगितले की हजेरीपत्रके सापडत नाहीत आणि कोण कामगार कामावर होते ते कामगारांनीच सिद्ध करावे. असा युक्तिवाद जुना आहे. १९९० च्या सुमारास अन्न महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेले आहे की रक्कम ठरवण्याआधी पुरावा गोळा करण्याचे अधिकार भविष्य निधीच्या आयुक्ताला दिलेले आहेत आणि ते त्याने वापरले पाहिजेत. तात्यांची खाकी पिशवी टेबलावर आली, पाठोपाठ आणखी सतरा जणांनी आपापल्या पिशव्या आणल्या, आणि हजेरीपत्रकांचा प्रश्न तिथेच मिटला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तारखा पुढे गेल्या. त्याआधीच बँकेने कारखान्याचा ताबा घेतला होता आणि फाटकावर नोटीस डकवली होती. पपया नर्सरीच्या चौकात चहाला भेटणारे आमचे जुने लोक म्हणू लागले की आता आधी बँक आपले घेणार, मग सरकार, आणि कामगाराच्या वाट्याला फाटकाचे कुलूप. मी त्यांच्यासमोर १९५२ च्या कायद्याचे कलम ११ वाचून दाखवले. त्याप्रमाणे भविष्य निधीची थकबाकी हा आस्थापनेच्या मालमत्तेवरचा पहिला बोजा मानला जाई आणि इतर सर्व कर्जांच्या आधी ती द्यावी लागे. आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात, साखर कारखान्यांनी राज्य सहकारी बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरेच्या पोत्यांवर हक्क कोणाचा, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २००९ साली न्यायालयाने निकाल दिला की तारण असले तरी आधी फंडाची थकबाकी फेडायची. दिवाळखोरी संहितेतही अवसायनाच्या, म्हणजे कंपनी बंद करून देणी फेडण्यासाठी विकायच्या, मालमत्तेतून भविष्य निधी, पेन्शन निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) निधीची देणी वगळलेली आहेत. चहावाल्याने हे सगळे ऐकून विचारले, "मग साहेब, तुमचे पैसे बुडतात कसे?" त्याचा प्रश्न बिनतोड होता. आपला बोजा पहिला आहे हे लिलावाआधी कोणीतरी कळवावे लागते, आणि कळवण्यासाठी आधी रक्कम ठरलेली असावी लागते. लोक लिलाव झाल्यावर जागे होतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आदेश झाला. कलम ७-क्यू प्रमाणे थकबाकीवर वर्षाला १२ टक्के व्याज लागले आणि कलम १४-ब खाली नुकसानभरपाईची वेगळी कारवाई सुरू झाली. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. १४-ब ची रक्कम कामगाराच्या खात्यात येत नसे, ती निधीकडे जाई. ज्याचे नुकसान झाले त्याला सोडून भरपाई दुसऱ्याकडे जावी, हे मला पटत नाही, पण १९५२ चा कायदा असा होता आणि तो तसा होता हे समजलेले बरे. मालक अपिलात गेले. १९५२ च्या कायद्याप्रमाणे त्यांना केंद्र सरकारच्या औद्योगिक न्यायाधिकरणासमोर जाताना ठरलेल्या रकमेच्या ७५ टक्के भरावे लागत, न्यायाधिकरणाने लेखी कारणे देऊन सूट दिली तरच कमी. आदेशाने नाराज झालेल्या कामगारालाही अपिलाचा हक्क होता आणि ही अनामत भरण्याचे बंधन मालकावर होते, त्याच्यावर नव्हते.

तात्यांचा सुधारित आदेश त्याच वर्षाच्या अखेरीस आला. सेवा २० वर्षे, जादा २ वर्षे, आणि मागील फरक एकरकमी. वसुली तेव्हा अजून व्हायची होती.

इथवरची गोष्ट सांगायला मला आवडते. यापुढची तेवढी आवडत नाही, पण ती सोडून दिली तर हा मजकूर अर्धवट राहील.

आमच्या कारखान्याचा फंड सरकारी निधीत नव्हता. कलम १७ खाली सूट मिळालेली होती आणि कंपनीचा स्वतःचा ट्रस्ट होता. पेन्शनचा हिस्सा तेवढा सरकारी निधीकडे जात असे. अशा ट्रस्टच्या विश्वस्त मंडळात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. २०१३ ते २०१७ या काळात कामगारांच्या बाजूच्या विश्वस्तांपैकी मी एक होतो. तीन महिन्यांतून एकदा बैठक होई. व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये चहा आणि क्रीमची बिस्किटे येत, इतिवृत्ताचे पुस्तक टेबलावरून फिरत असे आणि ते माझ्यापाशी आले की मी सही करीत असे. गुंतवणुकीची यादी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर डकवलेली असायची. हिशेब विभागातला असूनही मी ती किती वेळा वाचली, असे कोणी विचारले तर मला खाली पाहावे लागेल. त्या यादीत एका खासगी वित्त कंपनीचे रोखे होते. पुढे ती कंपनी बुडाली आणि ट्रस्टच्या पैशाला मोठे भोक पडले.

सूट देताना सरकार ज्या अटी घालते त्या कामगारांना कधीच कोणी समजावून सांगत नाही. ट्रस्टने सभासदांना द्यायचे व्याज सरकारी निधीने जाहीर केलेल्या दरापेक्षा कमी असता कामा नये. २०१६-१७ साठी तो दर ८.६५ टक्के होता. कमी पडले तर तूट मालकाने भरून द्यायची. अपहार झाला किंवा चुकीच्या गुंतवणुकीमुळे तोटा झाला तरी तो मालकाच्याच माथी. ट्रस्टचा कारभारखर्चसुद्धा मालकाचा, निधीतून एक पैसाही नाही. सूट मिळाली म्हणजे मालक कायद्याबाहेर गेला, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात १९५२ च्या कायद्याच्या कलम १७ मध्येच लिहिलेले होते की ७-अ, ८ आणि १४-ब ही कलमे सूट मिळालेल्यांनाही लागू आहेत. फौजदारी कायद्यातही तसेच. पगारातून कापलेली वर्गणी न भरणारा मालक, त्याला सूट असो वा नसो, विश्वासघाताचा गुन्हेगार मानला जातो. जुन्या दंड संहितेत हे कलम ४०५ च्या स्पष्टीकरणात होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. त्यात एक बारकावा आहे: हे फक्त कामगाराच्या हिश्शाला लागू होते, मालकाच्या हिश्शाला नाही. म्हणून पोलिसांकडे जाताना स्लिपेवरचा कपातीचा रकाना हाच सारा पुरावा असतो.

आता थोडे इतर वादांबद्दल, कारण तात्यांचे काम झाल्यापासून अनेक जण वेगवेगळे प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. दावा सर्व कागदांसह दिला असेल तर तो वीस दिवसांत निकाली निघाला पाहिजे, त्रुटी असेल तर तीही वीस दिवसांतच कळवली पाहिजे, आणि पुरेशा कारणाशिवाय उशीर झाल्यास १२ टक्के दंडव्याजाची तरतूद योजनेतच आहे. निधीकडून सेवेत त्रुटी झाली तर ग्राहक आयोगाकडेही जाता येते. फंडाचा सभासद हा ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ठरवले. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला नाशिक सोडावे लागत नाही; मात्र दोन वर्षांची मुदत पाळावी लागते. रिट याचिका करायची तर नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडे येतो, आणि तो खर्च एकट्याने करण्यासारखा नाही, सतरा-अठरा जणांनी मिळून करावा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ हा तक्रार मेळावा भरतो; किरकोळ चुकांसाठी, म्हणजे जन्मतारीख, वडिलांचे नाव, नोकरी सोडल्याची तारीख वगैरेंसाठी, मी सर्वांना आधी तिथेच पाठवतो.

कंत्राटी कामगारांची स्थिती सर्वांत वाईट. अंबडच्या एखाद्या कारखान्यात सहा-सात वर्षे एकाच मशीनवर काम केलेल्या मुलाचे तीन-चार खाते क्रमांक निघतात, कारण कंत्राटदार बदलत गेले. कंत्राटदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकाची आहे. तो मग कंत्राटदाराच्या बिलातून ती कापून घेऊ शकतो. मुले मात्र पळून गेलेल्या कंत्राटदाराला शोधत हिंडतात आणि ज्याच्या फाटकातून रोज आत जातात त्याला विचारत नाहीत.

वाढीव पेन्शनबद्दल सर्वाधिक विचारणा होते, म्हणून थोडक्यात. ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन योजनेतली २०१४ ची दुरुस्ती कायम ठेवली, पण मर्यादेपेक्षा जास्त पगारावर पेन्शनचा संयुक्त पर्याय, म्हणजे मालक आणि कामगार यांनी मिळून द्यायचा पर्याय, देण्यासाठी सभासदांना आणखी मुदत दिली. ती वाढत वाढत ११ जुलै २०२३ ला संपली. जे १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच पर्याय न देता निवृत्त झाले होते त्यांना या निकालाचा लाभ मिळाला नाही. त्यांतल्या काहींना मी भेटलो आहे आणि त्यांच्यापुढे माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. किमान पेन्शन २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे; ती ७,५०० आणि वर महागाई भत्ता करावी, ही मागणी घेऊन लढणाऱ्या ज्येष्ठांच्या मेळाव्याला तात्या आता नेमाने जातात.

एक गोष्ट मुदतीची. १९५२ च्या कायद्यात ७-अ च्या चौकशीला कालमर्यादा नव्हती. २०२० च्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र वाद उद्भवल्यापासून पाच वर्षांची मर्यादा घातलेली आहे. दहा वर्षांपूर्वीची कपात निवृत्तीच्या वेळी उकरून काढू, असा विचार कोणी करत असेल तर त्याने तो आजच सोडावा आणि मोबाइलवर आपले पासबुक उघडून प्रत्येक महिन्याच्या ओळीत पेन्शनचा रकाना भरलेला आहे का, ते पाहावे.

ट्रस्टच्या तुटीचा वाद अजून चालू आहे. तोटा मालकाने भरावा, हे अटीत लिहिलेले असले तरी मालकांच्या सल्लागाराचे म्हणणे असे की रोखे घेण्याचा ठराव कामगारांच्या प्रतिनिधींच्या संमतीने झाला होता. पुढच्या तारखेला साक्षीसाठी मला बोलावले आहे. सभासदांच्या वकिलांनी विचारले, "तुम्ही ठराव वाचून सही केली होती का?" मी खरे ते सांगितले. ते म्हणाले, तेच तिथे सांगा. विश्वस्ताने वाचले नाही म्हणून मालकाची अट सुटत नाही. तात्या माझ्याबरोबर येणार आहेत. इतिवृत्ताच्या पुस्तकाच्या प्रती मिळाल्या आहेत आणि काल रात्री आम्ही त्या पहिल्यांदाच पानोपान वाचल्या. सोळा बैठका, सोळाही पानांवर माझी सही, आणि दोन ठिकाणी सहीशेजारी चहाच्या कपाचा गोल डाग.